परार्थ याचनेचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. देणे हे आपले कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, परतफेडीची आशा न धरता, देश, काल व पात्र पाहून जे दिले जाते ते सात्त्विक. मोबदल्यावर दृष्टी ठेवून, जिवावर आल्यासारखे दिलेले ते राजस. आणि अस्थानी, अवेळी, अपात्र मनुष्यास अनादराने दिलेले ते तामस. हे सारे विवेचन दात्याला उद्देशून आहे. घेणाऱ्याविषयी त्यात ‘पात्र’ या एका शब्दापलीकडे फारसे काही नाही. गृहस्थाला आजवर एवढे पुरेसे वाटत आले; कारण गृहस्थ हा देणारा आणि मागणारा तो दारी येणारा, अशीच आपली समजूत आहे.

परंतु आज असंख्य गृहस्थ स्वतःच मागणारे झाले आहेत. स्वतःसाठी नव्हे, संस्थेसाठी. कोणी एखाद्या वाचनालयाचा चिटणीस असतो, कोणी गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा खजिनदार, कोणी अन्नछत्राचा कार्यवाह. दिवसभर नोकरी-व्यवसाय करून रात्री हा मनुष्य कागद पुढे ओढतो आणि कुठल्यातरी मोठ्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे साहाय्यासाठी अर्ज लिहावयास बसतो. त्या वेळी त्याचा धर्म कोणता, याचा विचार आपण क्वचितच करतो. ‘चांगल्या कामासाठी तर मागतो आहे’ एवढ्यावर आपले मन शांत होते. माझेही झाले होते. ते शांत होणे किती फसवे होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही जबलपूरकर नर्मदेच्या काठचे लोक. याचना आम्ही नित्य पाहतो. ग्वारीघाटावर परिक्रमावासी येतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेली मंडळीही पुष्कळ असतात. घरी सुखवस्तू असलेला मनुष्यही परिक्रमेत मिळेल ते सदावर्त घेतो. पीठ, डाळ, मीठ, जे मिळेल ते. पण जुना नेम असा, की आजच्यापुरते घ्यावे, उद्याचा साठा करू नये. या याचनेत हिशेब नाही, कारण साठाच नाही. ज्याने दिले त्याच्या डोळ्यांदेखत ते शिजते आणि संपते. येथे पात्रतेविषयी शंका घेण्यास जागाच उरत नाही.

संस्थेचे मागणे असे नाही. तिला वर्षाचे मागावे लागते, कधी तीन वर्षांचे. जो देतो तो दूरच्या शहरात असतो. जे शिजते ते त्याला दिसत नाही. पूर्वी गावातला सावकार वा शेठ मागणाऱ्याला ओळखत असे, त्याच्या बापालाही ओळखत असे. याच जबलपुरात राजा गोकुळदासांच्या घराण्याचे नाव धर्मशाळेच्या रूपाने आजही प्रवाशांच्या तोंडी आहे, आणि 1868 मध्ये स्थापन झालेली हितकारिणी सभा गावच्याच लोकांनी उभी केली. तेथे देणारा आणि घेणारा एकाच रस्त्यावरून चालत. सर रतन टाटा यांच्या नावाचा न्यास 1919 मध्ये आणि सर दोराबजी टाटा यांच्या नावाचा 1932 मध्ये स्थापन झाला. अशा न्यासांबरोबर दानाचे एक निराळे रूप आपल्याकडे रूढ झाले. त्यात ज्याचे धन तो मनुष्य कधीच निघून गेलेला असतो, आणि जे वाटतात ते विश्वस्त असतात. म्हणजे देणारा दुसऱ्याचे देतो आणि मागणाराही दुसऱ्यासाठी मागतो. दोघांच्याही हातांत स्वतःचे असे काही नाही. दोघांमध्ये उरतो तो एक कागद.

(2013 च्या कंपनी कायद्याने तर ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. कायद्याने करावे लागते ते दान म्हणावे काय, हा प्रश्न मी विद्वानांवर सोपवतो. भुकेल्याला तो पडत नाही.)

आता माझी गोष्ट. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मंडला, दिंडोरी, सिवनी या बाजूंचे रुग्ण येतात. रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक असतात. रुग्णाची सोय कशीबशी होते, यांची कोणीच पाहत नाही. आम्ही काही मराठी आणि हिंदीभाषक कुटुंबांनी मिळून त्यांना संध्याकाळी खिचडी देण्यास आरंभ केला. रोज सुमारे चाळीस पाने होत. दोन वर्षे घरोघरच्या तांदूळ-डाळीवर हे चालले. नंतर कोणी सुचविले, की एखाद्या खासगी प्रतिष्ठानाकडे अर्ज करावा. रीतसर सोसायटी नोंदविली होतीच. हिशेब तपासून घेतलेले होते. मी अर्ज भरावयास बसलो.

अर्जात प्रश्न होते. कार्यकारिणीत कोण आहेत, तीन वर्षांचे जमाखर्च कोठे आहेत, अन्य उत्पन्न कोणते, साहाय्य संपल्यावर काम कसे चालवाल. हे शेवटचे विचारणे मला आजही सर्वांत शहाणपणाचे वाटते. आणि एक प्रश्न होता, रोज किती जणांना लाभ होतो. मी चाळीस लिहिले. शेजारी बसलेले आमचे एक सहकारी, अत्यंत सेवाभावी गृहस्थ, म्हणाले, “चाळिसाकडे कोण लक्ष देईल? शंभर लिहा. पैसे आले म्हणजे शंभर करूच की.” मला ते पटले. खोटे लिहीत आहोत असे वाटले नाही; संकल्प लिहीत आहोत असे वाटले. मी चाळीस खोडून शंभर केले.

पैसे आले. सहा महिन्यांचा पहिला हप्ता आला, त्याबरोबर कळविण्यात आले, की सहा महिन्यांनी झालेल्या कामाचा अहवाल व खर्चाचा दाखला पाठवावा. आम्ही मोठे पातेले घेतले, स्वयंपाकाला माणूस ठेवला. पण रुग्णालयाबाहेर जेवणारे होते तितकेच होते. कधी पंचेचाळीस, पावसाळ्यात तीस. जे शिल्लक राही ते कोणाला द्यावे म्हणून आमचे कार्यकर्ते रस्त्यावर हिंडत. एकदा तर पोट भरलेल्या रिक्षावाल्यांना आग्रहाने बसवून जेवू घातले आणि वहीत ती पाने मोजली. ज्यांच्यासाठी काम सुरू केले त्या रात्रभर जागणाऱ्या बायाबापड्यांकडे पाहावयास आम्हांला उसंत राहिली नाही. आम्ही आकड्याची सेवा करीत होतो.

तेव्हा मला सतराव्या अध्यायातील तो एक शब्द निराळ्या अर्थाने समजला. पात्र पाहून द्यावे, ही दात्याची जबाबदारी खरी. पण दूर बसलेला विश्वस्त पात्र पाहणार कशावरून? माझ्याच कागदावरून. त्याने शुद्ध बुद्धीने, कर्तव्य म्हणून, कोणतीही परतफेड न मागता दिले. त्याच्या बाजूने ते दान सात्त्विक होते. वाटेत मी उभा राहून ते अपात्री पाडले, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. माणूस आपल्या दानाने आपली गती सुधारतो असे आपण मानतो. मग दुसऱ्याचे सात्त्विक दान जो गुपचूप तामस करून टाकतो, त्याने काय केले म्हणावे? चोराने धन नेले तर दात्याचे पुण्य तरी राहते. खोट्या अर्जाने त्या पुण्यालाच हात घातला जातो. आणि हे सारे परोपकाराच्या नावाने, म्हणून तर अधिक अवघड; स्वतःच्या पोटासाठी खोटे बोलणाऱ्याला कधीतरी लाज वाटते, दुसऱ्याच्या पोटासाठी बोलणाऱ्याला ती वाटतही नाही.

अर्ज लिहिताना दुसरा मोह असतो तो आपले काम दात्याच्या आवडीप्रमाणे वळविण्याचा. प्रतिष्ठान यंदा शिक्षणासाठी देते असे कळले, की अन्नछत्रवाले मुलांचे वर्ग दाखवितात. पुढच्या वर्षी पाण्यासाठी देते असे कळले, की तेच लोक विहिरी दाखवितात. स्वधर्म सोडून परधर्माकडे धावण्यातले जे भय गीतेने सांगितले आहे, ते व्यक्तीइतकेच संस्थेलाही लागू आहे. मग दात्याचे काहीच ऐकू नये काय? किती वाकावे आणि कोठे थांबावे? या प्रश्नाला महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांनी आपापल्या आचरणाने उत्तरे दिली आहेत, आणि ती वरकरणी एकमेकांच्या उलट आहेत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले, ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे दान देऊ केले. त्याचे व्याज वर्षाला साडेबावन्न हजार रुपये होत असे. दानाबरोबर अटी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे, ही त्यांतली प्रमुख. अण्णासाहेबांनी ते मान्य केले. पुढे 1936 मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणेही मुंबईस गेले. नावाचा मोबदला मागितला म्हणजे दान राजस झाले, असे कोणी काटेकोरपणे म्हणेल. म्हणो बापडा. मला तरी वाटते, मातेचे नाव स्त्रियांच्या विद्यापीठाला देण्याने त्या विद्यापीठाचा कोणताच प्राण दुखावला नाही. स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण, हे अण्णासाहेबांचे मूळ काम पाटीवर काहीही लिहिले तरी तेच राहिले.

आणि हेही लक्षात ठेवावे, की मागण्यापूर्वी त्यांनी स्वतःचे दिले होते. आपल्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसी त्यांनी अनाथ बालिकाश्रमाला देऊन टाकली होती, आणि घरात त्याबद्दल बाया कर्वे यांची नाराजी सोसली होती. पंधरा लक्ष मिळविणारा हा पुरुष 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी पुन्हा घरोघर लहान लहान वर्गणी मागत हिंडू लागला. लाखांची सवय झालेल्या हाताला आण्यांची लाज वाटली नाही. लाभालाभी समबुद्धी म्हणतात ती याहून निराळी असेल असे मला वाटत नाही.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, दिले. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा झाले. साताऱ्यास 1947 मध्ये महाविद्यालय निघाले, त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच, की नाव बदलावे. भाऊरावांनी सांगितले, एक वेळ वडिलांचे नाव बदलीन, पण हे नाव बदलणार नाही, अशी हकिकत साताऱ्याकडे सर्वतोमुखी आहे. येथे नाव ही पाटी नव्हती. ज्या बहुजनांच्या मुलांसाठी ते महाविद्यालय होते, त्यांना ते नाव ‘हे तुमचे आहे’ असे सांगत होते. ते काढले असते तर काम उरले असते आणि कामाचा जीव गेला असता.

एकाने नाव दिले, एकाने नाकारले. दोघांनीही पाहिले ते एकच. आम्ही अर्ज भरताना ते पाहिले नव्हते. आमच्यापुढे तर कोणी अटही घातली नव्हती. प्रतिष्ठानाने साधा आकडा विचारला होता. वाकलो आम्ही आपणहोऊन.

सहा महिने भरत आले तेव्हा अहवालाचा प्रश्न उभा राहिला. वहीत काही दिवस चाळीस होते, काही दिवस रिक्षावाल्यांसह सत्तर. शंभर कधीच नव्हते. त्याच सहकाऱ्यांनी पुन्हा सुचविले, की सर्वत्र शंभर लिहू. कोण मोजावयास येतो? रागावून नव्हे, संस्थेच्या काळजीने सुचविले. पुढचा हप्ता थांबला तर स्वयंपाक्याचे काय, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. घरी पत्नीला सारे सांगितले. ती म्हणाली, “तुम्ही रोज संध्याकाळी मुलाला विचारता, शाळेत खरे किती गुण मिळाले. उद्या त्याने तुम्हांला विचारले तर?” मी त्या रात्री प्रतिष्ठानाला पत्र लिहिले. आरंभी दिलेला आकडा चुकीचा होता, तो माझ्या हाताने लिहिला गेला, खरी पाने इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी. ती परत पाठवू की पुढे वापरू, ते कळवावे. समितीत या पत्रावर बरीच खडाजंगी झाली. एका सदस्यांनी राजीनामा दिला. ते अद्याप परत आले नाहीत, आणि त्याचे मला दुःख आहे.

उत्तर आले ते चार ओळींचे. शिल्लक रक्कम खऱ्या संख्येप्रमाणे पुढे खर्चावी, दुसरा हप्ता दिला जाणार नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज केला, चाळीस लिहून. तो नामंजूर झाला. कारण दिलेले नव्हते. ते आमच्या जुन्या आकड्यामुळे की आणखी कशामुळे, हे विचारण्याचा अधिकार मी आधीच गमावला होता. काही मंडळी म्हणाली, पाहा, खरे बोलण्याचे फळ. मी त्यांना उत्तर दिले नाही. फळाचा हिशेब मांडू लागलो असतो तर ते पत्र मुळातच लिहिले गेले नसते.

स्वयंपाक्याला दुसरीकडे काम मिळाले. मोठे पातेले आम्ही एका मंदिराला दिले. तांदूळ-डाळ पुन्हा घरोघरची येते. कमी पडली तर ज्याची पाळी असेल तो भरतो. एक नियम मात्र नवा केला आहे. वहीतला आकडा आधी लिहावयाचा नाही. सारे जेवून, भांडी घासून झाल्यावर, जाण्यापूर्वी लिहावयाचा. काल माझी पाळी होती. पाऊस होता. सदतीस पाने झाली.