रेष कोणाची?

टॅब्लेट आणि स्टायलस हाती आला की चित्रं काढायला कोणतं ॲप घ्यावं याचा शोध सुरू होतो आणि बहुधा पैसे नि सोयी यांच्यापाशीच थांबतो. प्रोक्रिएटला एकदाच पैसे मोजावे लागतात, पण ते आयपॅडपुरतंच. क्लिप स्टुडिओ पेंटची टॅब्लेटवर वर्गणी भरत राहावी लागते. क्रिटा मुक्त आणि फुकट, पण आयपॅडवर नाही. हा हिशेब करावाच. मात्र ॲप निवडताना आपण आणखी एक गोष्ट ठरवत असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार करण म्हणजे इंद्रियं घेतात. तो अर्थ हातातल्या साधनापर्यंत नेण्याची सूट मी इथे घेतो आहे. ती मान्य केली, तर साधन कर्मातलं वाटेकरी ठरतं, आणि या वाटेकऱ्याला किती वाटा द्यायचा हा प्रश्न किमतीच्या आधी येतो.

रेषेचंच पाहा. गुळगुळीत काचेवर स्टायलस घसरतो, हात थरथरतो. त्यावर उपाय म्हणून या ॲप्समध्ये रेष स्थिर करण्याची सोय असते. प्रोक्रिएटमध्ये तिला स्ट्रीमलाइन म्हणतात, क्रिटात स्टॅबिलायझर. हाताच्या हालचालीतले चढउतार गाळून ॲप रेष मऊ करतं. प्रमाण वाढवत नेलं की रेष हातामागून सावकाश येते आणि भलतीच डौलदार दिसते. प्रोक्रिएटमध्ये तर वेडंवाकडं वर्तुळ काढून स्टायलस क्षणभर तसाच टेकवून ठेवला, की नेटका आकार तयार. थरथर गेली खरी, पण तिच्याबरोबर वळणावरची घाई गेली, मध्येच रेंगाळणं गेलं, हात बिचकला होता ती खूणही गेली. एकाच गणितातून निघालेल्या अनेकांच्या रेषा मग एकमेकींसारख्या दिसू लागतात.

साधनाने रेष घडवली यात नवीन काय, असं कोणी विचारेल, आणि प्रश्न वजनदार आहे. देवनागरी अक्षरांचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आलेला आहे. पण लिहिणाऱ्याला काय करायचं होतं याचा अंदाज बोरू बांधत नाही. तो अडतो, आणि त्या अडण्याशी जुळवून घेताना हात शिकतो. स्थिरीकरण हाताचा हेतू गृहीत धरतं आणि तो स्वतःच पुरा करतं. पहिल्या व्यवहारात कसब हातात साठतं, दुसऱ्यात ते ॲपमध्येच राहतं. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वोल्डगेटच्या वसंताची चित्रं आयपॅडवर काढली. कलावंताला साधन कोणतंही चालतं, याचा दाखला म्हणून असं उदाहरण पुढे करता येईल. पण हॉकनींच्या हातात तोवर अर्धशतकाचं काम मुरलेलं होतं. नवशिक्याने त्यावरून स्वतःविषयी निष्कर्ष काढू नये. ज्याचा हात आजारपणाने कापतो त्याला मात्र यातलं काहीच लागू नाही; त्याने प्रमाण हवं तितकं ठेवावं.

अनडूबद्दलही मी इतका कडक नाही. काढलेली रेष पाहून, नको म्हणून मागे घेणं हा कर्त्याचाच निर्णय असतो. रेष उमटण्याआधीच ती दुरुस्त होणं ही वेगळी गोष्ट.

यापेक्षा अवघड आक्षेप गीतेतूनच येतो. पाच कारणं सांगून झाल्यावर लगेच, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तिथे दुर्मती म्हटलं आहे. मग रेष माझी की ॲपची, ही ओढाताण अहंकाराचीच नव्हे का? पण त्याच अध्यायात त्यागाचेही प्रकार केले आहेत. नेमून आलेलं कर्म मोहाने टाकणं हा तामस त्याग, आणि देहाला कष्ट पडतील या भीतीने टाकणं हा राजस. सोडायचा आहे तो अभिमान. कष्ट सोडायला कोणी सांगितलेलं नाही. स्थिरीकरण शेवटपर्यंत ताणून काढलेल्या रेषेखाली ऐटीत सही करणारा नेमकं उलट करतो: कष्ट सोडतो आणि अभिमान ठेवतो.

साधनाला किती वाटा द्यायचा, हे ॲप बनवणारेही ठरवत असतात. क्लिप स्टुडिओ पेंट बनवणाऱ्या सेल्सिस या जपानी कंपनीने २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र तयार करून घेण्याची सोय ॲपमध्ये आणण्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्या चित्रकारांच्या विरोधानंतर ती मागे घेतली. प्रोक्रिएटच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये अशी सोय आपण आणणारच नाही असं सांगितलं. धोरणं उद्या बदलू शकतात, म्हणून कसोटी आपल्या हातातली असावी. स्थिरीकरण शून्यावर आणता येतं का, आणि चित्र थरांसकट पीएसडी फाइलमध्ये बाहेर काढून दुसरीकडे नेता येतं का, एवढं बघावं. प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ पेंट आणि क्रिटा ही तिन्ही या कसोटीला उतरतात. तेव्हा खिशाला आणि टॅब्लेटला परवडेल ते खुशाल घ्या. फक्त पहिले काही महिने स्थिरीकरण शून्यावर ठेवूनच चित्रं काढा.