पटकीच्या जंतूचा स्वभाव

स्वभावाला औषध नाहीं, असें आपण म्हणतों; आणि ही म्हण उच्चारतांना बहुधा आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचा स्वभाव असतो. वाईटपणा मुळांतच असतो, कीं संगतीनें व प्रसंगानें येतो, हा वाद जुना आहे. त्यांत पटकीच्या जंतूची साक्ष काढावी असें आम्हांस वाटतें. त्याच्याइतका बदनाम आरोपी शोधूनहि सांपडावयाचा नाहीं.

रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास या जंतूवर दोष ठेवला. १९५९ सालीं त्याच शहरांतील डॉ. शंभूनाथ डे यांनीं दाखविलें कीं, जंतू गाळून काढल्यावर उरलेला द्रवहि सशाच्या आंतड्यांत पटकीसारखेंच पाणी सांठवितो. घात करतें तें जंतूनें सोडलेलें विष. जंतु विषारी, म्हणून दुष्ट. येथें खटला संपावयाचा.

तो संपला नाहीं. १९९६ मध्यें वाल्डॉर व मेकालानोस या अमेरिकेंतील संशोधकांनीं उघड केलें कीं, विषाचीं जनुकें जंतूच्या घरचीं नव्हेतच; त्याच्यांत शिरून राहणाऱ्या एका विषाणूनें तीं आणलीं आहेत. खाड्यांच्या पाण्यांत याच जातीचे कितीतरी जंतू हें विष जवळ न बाळगतां राहतात. आणि विषाणु शिरतो कोठून? आंतड्यांत वस्ती करण्यासाठीं जंतु केसासारखे धागे काढतो, त्यांच्याच आधारानें! धन्यानें आपल्यासाठीं सोडलेल्या दोरानें चोर वर चढावा, तसें हें झालें.

हे धागे किती महत्त्वाचे, तें काचेच्या नळींत कळत नाहीं. लंडनच्या डेव्हिड होल्डन यांनीं १९९५ सालीं, दुसऱ्याच एका जंतूसाठीं, एक युक्ति प्रसिद्ध केली. प्रत्येक जंतूचें एकेक जनुक निकामी करून त्याला निराळी खूण द्यावयाची, सर्वांना एकत्र उंदराच्या शरीरांत सोडावयाचें, आणि कोणती खूण परत येत नाहीं तें पाहावयाचें. १९९८ मध्यें पटकीच्या जंतूस हीच कसोटी लाविली, तेव्हां ज्यांना धागे करतां येईनात ते उंदराच्या पिलांच्या आंतड्यांत तग धरूं शकले नाहींत. नळींत मात्र ते सुखानें वाढत होते. (सभ्य माणसांचें चारित्र्य आपण कोणत्या नळींत तपासतों, असा प्रश्न येथें मनांत येतो, असो.)

जंतूस आम्ही निर्दोष ठरवीत नाहीं. ज्याला निवड नाहीं त्याला 'दोष' हा शब्दच लागत नाहीं, आणि रोग्याला तर वादापेक्षां मीठ-साखरेच्या पाण्याची गरज अधिक. पण एका जंतूचा स्वभाव ठरवितांना शास्त्रानें शंभरांवर वर्षें तपास केला, आणि माणसांच्या बाबतींत तेवढा धीर कोणी धरला नाहीं. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला; तरी पारध्याचें पोर दारांत दिसलें कीं कित्येक घरांत अजून आधीं कडी लागते, आणि नांव मागाहून विचारलें जातें.