पिठाचा कोंबडा

राजा यशोधराने बळी दिलेला कोंबडा पिठाचा होता. त्यात रक्त नव्हतं, प्राण नव्हता. तव्यावर टाकला असता तर त्याची भाकरी झाली असती. तरीही जैन परंपरेने ही कथा पापाची कथा म्हणून शतकानुशतकं सांगितली आहे. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये संस्कृत ‘यशस्तिलका’त ती विस्ताराने मांडली, त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत पुष्पदंताने ती अपभ्रंशात रचली, आणि पुढे 1209 मध्ये जन्नाने ती कन्नडात नेली. राणीचा व्यभिचार पाहून विरक्त झालेला यशोधर राज्य सोडण्यासाठी वाईट स्वप्नाची सबब सांगतो. स्वप्नाचा दोष टळावा म्हणून देवीला पशूचा बळी द्यावा, असा आई चंद्रमतीचा हट्ट. राजाला हिंसा नको असते. शेवटी मायलेकांची तडजोड होते ती पिठाच्या कोंबड्यावर. तेवढ्याने दोघांच्या मागे जन्मांचा फेरा लागतो. राणीच्या हातून विषाने मेल्यावर ते मोर आणि कुत्रा होऊन आपल्याच घरच्या राजवाड्यात येतात, आणि पुढे कितीतरी योनींतून मारत आणि मरत राहतात.

आज रोज कोट्यवधी माणसं पडद्यावर असे पिठाचे कोंबडे मारतात. व्हिडिओ गेममधला शत्रू म्हणजे रंगीत ठिपक्यांचा आकार. तो मरतो म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला एक आकडा शून्य होतो. मग त्या कृतीचं नैतिक वजनही शून्यच का? बड्या कंपन्यांचे खेळ या प्रश्नापाशी सहसा थांबत नाहीत, कारण तासाला शेकडो शत्रू पाडायला लावणाऱ्या खेळाला प्रत्येक शत्रूपाशी घुटमळणं परवडत नाही. हा प्रश्न खरोखर हाताळला आहे तो एकट्यादुकट्याने किंवा छोट्या चमूने केलेल्या इंडी खेळांनी. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे डोळे दिपवणारी चित्रं नव्हती, म्हणून त्यांनी खेळाच्या नियमांनाच बोलतं केलं. त्यांचा पुरावा नीट पाहिला तर यशोधराच्या कथेतला निवाडा वाटतो तितका अजब राहत नाही.

आधी त्या निवाड्याचं कारण शोधायला हवं. पीठ मळणं, थापणं, कापणं ही हिंसा नव्हे. तसं असतं तर प्रत्येक स्वयंपाकघर कत्तलखाना ठरलं असतं. यशोधराने त्या पिठाला कोंबड्याचा आकार दिला, कोंबडा समजून त्यावर शस्त्र चालवलं, आणि खऱ्या बळीने जे फळ मिळतं तेच आपल्याला मिळावं अशी अपेक्षा धरली. जैन विचारात प्रत्यक्ष प्राण घेणारी ती द्रव्यहिंसा, आणि मनात घडते ती भावहिंसा. पिठाच्या कोंबड्यात पहिली नव्हती, दुसरी पुरेपूर होती. माझ्या मते सगळं मर्म त्या तिसऱ्या गोष्टीत, फळाच्या अपेक्षेत आहे. पुण्य खऱ्या बळीचं हवं आणि पाप मात्र पिठाचं म्हणून नको, हा हिशेब जुळत नाही. फळ खरं मागितलं की कृतीला खोटी म्हणण्याचा हक्क उरत नाही. खेळाडूचंही तेच आहे. त्याला सामर्थ्याची झिंग, जिंकल्याचा आनंद, दुसऱ्याला संपवल्याचं समाधान हवं असतं, आणि ते त्याला मिळतंही. त्याच्या छातीची धडधड काही रंगीत ठिपक्यांची नसते.

टोबी फॉक्स या अमेरिकन संगीतकाराने जवळजवळ एकहाती केलेला ‘अंडरटेल’ 2015 मध्ये आला. त्याचा डेमो मात्र 2013 पासूनच लोकांच्या हाती होता. पृथ्वीच्या पोटात राक्षसांच्या राज्यात पडलेलं एक मूल, एवढीच कथा. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक राक्षसाला मारता येतं, किंवा त्याच्याशी बोलून, त्याचं मन ओळखून सोडूनही देता येतं. डेमोच्या शेवटी येते टोरिएल. पोरक्या मुलाला घर देणारी, त्याच्यासाठी ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ भाजणारी ही बाई दार अडवून उभी राहते, कारण बाहेर गेलं तर ते मूल मरेल ही तिची भीती. ती आगीचे लोळ फेकते, पण मूल मरणाच्या दारात आलं की तेच लोळ त्याला चुकवून जाऊ लागतात. तिला सोडण्यासाठी पुन्हा पुन्हा, काही उपयोग होत नाही असं दिसत असतानाही, दयेचाच पर्याय निवडत राहावं लागतं. अनेक खेळाडूंचा धीर सुटतो आणि ते तिला मारून बसतात. मग हळहळतात, सेव्ह केलेल्या जागी परततात आणि या वेळी तिला वाचवतात. नेमकं तेव्हा फ्लावी नावाचं बोलकं फूल पुढे येऊन सांगतं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. खेळाच्या जगात टोरिएल जिवंत असते, तिच्या अंगावर ओरखडाही नसतो. प्राण गेलेला नाही, पण मारण्याचा निर्णय झालेला आहे, आणि खेळाने नोंद ठेवली आहे ती निर्णयाची. हाच खेळ पुढे एक शब्दार्थ उलगडतो. इतर असंख्य खेळांत जी अक्षरं अनुभवाचे गुण म्हणून मिरवतात, ती इथे देहदंडाचे गुण निघतात, आणि जी पातळी वाढली म्हणून खेळाडू सुखावतो ती हिंसेची पातळी असते. जितकं जास्त मारावं तितकं मारणाऱ्याला कमी दुखतं, असं तिचं स्पष्टीकरण दिलं आहे. भावहिंसेची इतकी नेमकी व्याख्या पडद्यावरच्या खेळात सापडावी याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

यावर पहिला आक्षेप साधा आणि वजनदार आहे. बुद्धिबळात प्यादं मारणारा खुनी नसतो, आणि कोकणातल्या दशावतारात रावणाचा संहार करणाऱ्या नटाला पाप लागत नाही. मग खेळाडूलाच का? पण प्यादं कोणी दया मागणारा जीव म्हणून समोर उभं केलेलं नसतं. ते लाकूड म्हणूनच येतं, त्याला कोंबड्याचा आकार नाही. दशावतारातल्या संहाराला आकार आहे, पण तो संकल्प नटाचा नव्हे. कथा ठरलेली आहे, त्या रात्री रावण वाचवण्याची मुभा कोणालाच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 मधला ‘राजी’ याच जातीचा आहे. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी दुर्गेच्या कृपेने असुरांना मारत जाते, पुढे जायला दुसरी वाट नाही, आणि खेळाडू एका ठरलेल्या कथेतला नट होतो. अशा खेळाला पापाचा प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं. ‘अंडरटेल’मध्ये मात्र वाट निवडावी लागते. त्यातली सर्वसंहाराची वाट तर चुकून चालताच येत नाही. एका भागातले सगळे जीव संपेपर्यंत खेळाडूला तिथेच येरझारा घालत त्यांना हुडकून काढावं लागतं. ते काम कंटाळवाणं आहे, आणि जाणूनबुजून तसं ठेवलं आहे. हा संकल्प एकदाच होत नाही, शंभरदा नव्याने करावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की खेळ हे एका परीने स्वप्न आहे, आणि स्वप्नाचा दोष कोणी धरत नाही. बौद्ध विनयपिटकानेही भिक्षूंसाठी सांगितलेल्या एका गंभीर दोषातून स्वप्नात घडलेली कृती वगळली आहे. हे वगळणं मला पटतं, कारण झोपलेल्याचा संकल्प त्याच्या ताब्यात नसतो. पण आपल्याकडच्या लोककथेतला हरिश्चंद्र स्वप्नात विश्वामित्राला राज्य देतो आणि जागा झाल्यावर ते दान पाळतो. शब्द स्वप्नातला होता म्हणून तो आपला नाही, असं त्याला म्हणवत नाही. खेळाडूची बाजू हरिश्चंद्राहूनही लंगडी आहे, कारण तो टक्क जागा असतो. त्याच्यापाशी राहते ती एकच पळवाट, पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची. ‘अंडरटेल’ने ती वाटही अडवली. सर्वसंहार करून जो ते जग पुन्हा मागतो, त्याच्याकडून बदल्यात आत्मा मागितला जातो, आणि त्यानंतर खेळाडूने कितीही दयाळूपणे खेळ पूर्ण केला तरी शेवटच्या सुखी चित्रावर डाग राहतो. संगणकातली एक लपवलेली फाइल पुसली की तो डाग जातो, हे खेळाडूंनी लवकरच शोधून काढलं. पण जैन प्रतिक्रमणात दोष आठवून उच्चारायचा असतो, आणि फाइल पुसणाऱ्याला तो नाहीसा करायचा असतो. फाइल पुसल्यावर संगणक विसरतो. ज्याने ती पुसली तो विसरत नाही, नाहीतर त्याने ती शोधलीच नसती.

तिसरा आक्षेप कुतूहलाचा, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. संहाराच्या वाटेवर जाणारे बहुतेक खेळाडू क्रूर नसतात. खेळात आणखी काय दडलं आहे एवढंच त्यांना पाहायचं असतं. खेळ हे कारण ऐकून घेतो आणि फ्लावीच्या तोंडून त्याला उत्तर देतो. त्याच्याही हाती एके काळी काळ मागे नेण्याची ताकद होती. त्याने आधी सगळ्यांशी मैत्री केली, सगळ्यांचं भलं केलं, आणि सगळी संभाषणं पाठ झाल्यावर, आता काय होतं ते पाहू म्हणून मारायला सुरुवात केली. समोरचा जीव आपल्या कुतूहलाचं साधन झाला की दया आपोआप मागे पडते, हे तिथे उपदेशाशिवाय कळतं. त्याहून धारदार आहे तो फ्लावीने प्रेक्षकांवर ओढलेला आसूड: स्वतः करायचं धैर्य नाही, पण दुसऱ्याने केलेलं पाहायचं आहे, असे लोक. इंटरनेटवर दुसऱ्यांचा खेळ पाहणारे लाखो लोक त्यात आले. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त कर्माचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे भेद केले आहेत: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेलं. टोबी फॉक्सने हे सूत्र वाचलं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्याने नियमांच्या मागे जात जात तोच तिसरा भेद गाठला, आणि याचा अर्थ मी असा घेतो की तो भेद एखाद्या पंथाचा हट्ट नसून संकल्पाच्या स्वरूपातच आहे.

इथे कोणी म्हणेल की मग गेम खेळणारी मुलं हिंसक होतात असंच म्हणा. तसं मी म्हणत नाही. तो परिणामांचा वाद आहे, आणि यशोधराच्या कथेत परिणाम मोजायला काही नव्हतंच, कोंबडा पिठाचा होता. शिवाय जन्मोजन्मीचं पशुत्व ही शिक्षा मला त्या अपराधाच्या मानाने फार वाटते. भावहिंसा खरी आहे, पण जीव घेण्याच्या बरोबरीची नाही. कोहळा कापून पशूचा बळी टाळणाऱ्या घराने एक जीव वाचवला, हे त्या घराच्या पदरात टाकलंच पाहिजे. माझा दावा एवढाच की शून्याची बेरीज करून मोकळं होता येत नाही. आणि हे एका बाजूने मान्य केलं की दुसऱ्या बाजूनेही करावं लागतं: पडद्यावरची हिंसा जर भाव म्हणून खरी, तर पडद्यावरची करुणाही तशीच खरी. जेनोवा चेन आणि त्याच्या चमूच्या 2012 मधल्या ‘जर्नी’त वाळवंटातून एका पर्वताकडे जाताना दुसरा एक झगाधारी प्रवासी भेटतो. तो कुठल्याशा देशात खेळत बसलेला खराखुरा माणूस असतो, पण त्याचं नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढून हाक देता येते. सुरुवातीच्या चाचण्यांत प्रवासी एकमेकांना ढकलू शकत होते, आणि खेळाडू खरोखरच एकमेकांना ढकलून देत. मग चमूने धक्का लागण्याची सोयच काढून टाकली आणि जवळ आल्यावर दोघांनाही बळ मिळेल असं केलं. तेव्हा तीच माणसं बर्फाच्या वादळात एकमेकांना बिलगून चालू लागली. ही करुणा नियमाने घडवली, खेळाडूची नव्हे, असं म्हणता येईल. पण नियम फक्त जवळ येण्याचं फळ ठरवतो. मागे पडलेल्या अनोळखी सोबत्यासाठी थांबायचं की पुढे जायचं, हे तो ठरवत नाही, आणि थांबणारे थांबतात.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती लुकास पोपच्या 2013 मधल्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये, कारण तिथे संकल्प शुद्ध राहूच शकत नाही. आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर खेळाडू पासपोर्ट तपासायला बसतो. दर माणसामागे पाच क्रेडिट मिळतात, आणि त्यातून घरभाडं, अन्न, शेकोटी, औषध भागवायचं असतं. एके दिवशी एक नवरा खिडकीशी येतो. त्याची कागदपत्रं पूर्ण असतात. मागून बायको येणार आहे, तिच्याशी दयेने वागा, एवढं सांगून तो आत जातो. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडलं तर चूक झाल्याची चिठ्ठी येते. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांना दंड नाही, तिसरीला पाच क्रेडिट कापले जातात, म्हणजे एका माणसाची कमाई. दिवसाला दोन दया फुकट, तिसरी घरच्यांच्या ताटातून. तेव्हा ती बाई आत गेली ती खेळाडूच्या करुणेने, की दोन चिठ्ठ्या शिल्लक होत्या म्हणून? आणि घरचे ते चार उपाशी जीव तरी कोण? बायको, मुलगा, सासू, काका, सगळे पिठाचे. दिवसाच्या अखेरीस त्यांचे चेहरेही दिसत नाहीत, हिशेबाच्या पानावर नात्यापुढे फक्त भूक, थंडी, आजार असं लिहून येतं. त्यांच्यासाठी खिडकीतल्या बाईला परत पाठवणारा खेळाडू लाल शिक्का मारताना क्षणभर थांबतो. तिच्यामागे रांग उभी असते, घड्याळ चालू असतं, आणि तरीही तो थांबतो.