दोघे भाऊ आणि तुणतुण्याची साथ

देवळ्यात एका गोंधळ्याच्या घरी दोघे भाऊ होते. दोघेही गायचे, दोघेही संबळ वाजवायचे. मागे उभं राहून तुणतुणं आणि झांज धरणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. साथीदारांपैकी एक जण उमराण्याच्या कांदा बाजारात लागला, दुसरा नाशिकला कारखान्यात. म्हणून भावांनी लूपची वाट धरली. दोन-चार आवर्तनं वाजवायची, ती यंत्राने धरून फिरवत ठेवायची, त्यावर दुसरं वाद्य चढवायचं आणि मग गायचं.

थोरल्याने लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह घेतलं. धाकट्याने बॉसचं लूप स्टेशन घेतलं, पायाने दाबायचं. एबलटन लाइव्ह आणि बॉसचं पहिलं लूप स्टेशन दोन्ही २००१ सालचीच. रिकाम्या कांदाचाळीत सराव चाले तेव्हा थोरलाच सरस ठरे. त्याच्याकडे हवे तितके थर होते, आणि चुकलेला तेवढाच पुसता येई.

नवरात्रात गावात कार्यक्रम ठरला. थोरल्याने ऐनवेळी आणखी इफेक्ट चढवले. लॅपटॉपला ते पेलेना, आवाज तडतडू लागला. त्याने बफर, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलवरून १०२४ वर नेला. तडतड थांबली, पण ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत उशीर, आणि १०२४ म्हणजे तेवीस. तोही आवाज आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. हातातला ठेका आणि स्पीकरमधला ठेका वेगळे पडले. संबळाला दोन्ही हात लागतात. हा एक काठी खाली ठेवून माउस शोधत होता. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि तो पडद्याकडे.

मग धाकटा उभा राहिला. पदाच्या मध्यातच लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंत पेडलमधलं सगळं पुसलं गेलं होतं, कारण त्याने ते साठवलंच नव्हतं. लॅपटॉप बॅटरीवर तग धरून राहिला असता, हे खरं. धाकट्याने पुन्हा संबळ वाजवला, पाय दाबला. तुणतुणं छेडलं, पाय दाबला. आणि वर मान करून गाऊ लागला. लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला.

रात्री थोरला आजोबांच्या जुन्या साथीदाराला, नानांना, म्हणाला, "नाना, मी लॅपटॉप विकून टाकतो."

नानांचं आयुष्य तुणतुणं धरण्यात गेलेलं. ते म्हणाले, "विकू नको. मी मागे उभा असताना तुझ्या आजोबांना कधी वळून बघावं लागलं का? साथ अशीच पाहिजे. तुझं यंत्र तुला सारखं हाका मारतं, कारण तूच त्याच्यावर नको ते ओझं टाकलंस. आणि धाकट्या, तू जमलेलं साठवायला शीक. लाइट पुन्हा जाणार आहे."

थोरल्याने इफेक्ट घरीच ट्रॅकमध्ये पक्के केले, चारच थर ठेवले, बफर २५६ वर आणला, वायफाय बंद केलं आणि पायाने दाबायचा स्विच जोडला. धाकटा ठेका बसला की आधी साठवू लागला. पुढे कळवणला एका लग्नाच्या गोंधळात थोरल्याने लॅपटॉप आपल्या पाठीमागच्या खुर्चीवर ठेवला आणि सगळी रात्र पायानेच लूप चालवले.