देव बघतो, त्याचं काय?

होळी झाली की जव्हार-मोखाड्यात बोहाड्याचे दिवस येतात. गावोगाव वेगवेगळ्या तारखांना, रात्रभर, संबळाच्या तालावर मुखवटे घातलेली देवांची सोंगं निघतात. आधी गणपती आणि सरस्वती, मग रामायण-महाभारतातली, पुराणातली एकेक सोंगं, आणि अखेरीस जगदंबा नि महिषासुराचं युद्ध. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे बऱ्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तो त्या घराचा मान.

नेमक्या याच दिवसांत इथल्या कित्येक घरांना कुलूप असतं. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी सरली की माणसं जगायला बाहेर पडतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, ठाणे-मुंबईच्या बांधकामांवर. होळीला धडपडत गावी येतात, पण बोहाड्यापर्यंत थांबणं सगळ्यांनाच जमत नाही. मग गर्दीत कुणीतरी मोबाइल उंच धरतो आणि भट्टीवरच्या झोपडीत गावची जगदंबा उजळते. परदेशी स्थिरावलेल्या मराठी घरांतही हेच घडतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. तेव्हाच्या माणसांना घरच्या गणपतीची खबर पत्रातून, काही आठवड्यांनी मिळायची. आज पुण्यातली आरती तिथे त्याच क्षणी दिसते.

हे दर्शन म्हणायचं का?

परंपरा याबाबतीत कोती नाही. मानसपूजेत फूल, पाणी, नैवेद्य सगळं मनातच वाहायचं असतं आणि ती पूजा कमी प्रतीची ठरत नाही. 2020 साली करोनामुळे पायी वारी निघाली नाही, तेव्हा परंपरा खंडू नये म्हणून 30 जूनला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. पादुका म्हणजे तरी काय, दूर असलेल्याला जवळ आणण्याची जुनीच सोय. साधन मध्ये आलं म्हणून भक्ती पातळ होते, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. बोहाड्यात तर देव आणि माणूस यांच्या मध्ये मुखवटा असतोच.

पण त्या मुखवट्याकडे जरा जवळून पाहावं. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, ठळक रंगांचा. जव्हारजवळच्या रामखिंडमध्ये असे मुखवटे आजही घडतात. त्याचे मोठे डोळे रंगवलेले असतात. आतला माणूस बघतो तो बारीक भोकांतून, घामाच्या धारा पुसायलाही हात मोकळा नसताना. बायाबापड्या आरतीचं ताट घेऊन पुढे येतात, सोंग थबकतं, आणि त्या भोकांतून कुणीतरी खरोखर त्यांच्याकडे बघत असतं. दर्शनाचा हा अर्धा भाग आपण विसरतो: भक्तानं देवाला पाहायचं, तसं देवानंही भक्ताला पाहायचं. मूर्तीच्या प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा स्वतंत्र विधी आहे तो याचसाठी.

या कसोटीवर थेट प्रक्षेपण एकतर्फी पडतं. हजारो लोक पाहतात. त्यांना मात्र कुणी पाहत नाही. व्हिडिओ कॉल दर्शनाच्या अधिक जवळचा, कारण फोन धरणाऱ्या भावाला भट्टीवरच्या बहिणीचा चेहरा दिसतो, ती हात जोडते तेही दिसतं. सूर्यमाळ-खोडाळ्याकडच्या डोंगरात नेटवर्क मिळवण्यासाठी पोरं टेपाडावर चढतात, त्या खटपटीला श्रद्धेचाच भाग मानायला हवं.

तरीही मान पडद्यावरून निभावता येत नाही. सोंग अंगावर घ्यायला अंगच लागतं. ज्या घरचा गडी आला नाही, त्याच्या जागी चुलतभाऊ नाचतो, गाव सांभाळून घेतं. पण सोंगाचं वजन, त्यातलं जागरण, नाचताना पाय कुठे टाकायचा हे पुढच्या पोराला फोनवर शिकवता येत नाही.

म्हणून या मुलखात तंत्राचं सर्वांत मोठं देणं रात्रीच्या चित्रात नाही, आधीच्या एका साध्या फोनमध्ये आहे. गावकी बसते, तारीख ठरते, आणि त्याच संध्याकाळी भट्टीवर निरोप पोचतो. उचल घेतलेल्या मजुराला मुकादमाकडे दोन दिवसांची रजा मागायला तेवढा अवधी मिळतो, आणि पहाटेची एसटी गाठता येते.