पेरणारा आणि कापणारा

अमेरिकी फुटबॉलमध्ये (आपल्याकडचा खेळ तो नव्हे) सर्वांच्या मागे उभा असलेला बचावपटू बहुधा चुकला तरच लोकांच्या डोळ्यांत भरतो. टोनी डंजी १९७७ व १९७८ साली पिट्सबर्गसाठी त्या जागी खेळले. पुढे हे ख्रिस्तभक्त प्रशिक्षक झाले. १९९६ पासून सहा हंगाम त्यांनी टँपाच्या दुबळ्या संघाची बचावफळी घडविली; जानेवारी २००२ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. वर्षभराने तोच संघ दुसऱ्याच्या हाताखाली अजिंक्य ठरला! इंडियानापोलिससह २००७ साली त्यांनाही विजेतेपद लाभले. परंतु मधल्या त्या वर्षांपाशी थांबा. याकोबाच्या विहिरीजवळ प्रभूने पेरणारा व कापणारा या दोघांचा आनंद एकच मानला. तुम्ही वाढविलेल्या मंडळीत दुसऱ्याच्या गळ्यात हार पडतो, तेव्हा तुमचे हात टाळीसाठी उचलतात काय?