वारशाचे धन आणि दानाचा धर्म



श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्यच आहे या बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी व योग्य काळी सत्पात्री दिलेले दान सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून अथवा कष्टी मनाने दिलेले राजस. आणि घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले तामस. येथे रक्कम कोठेच मोजलेली नाही. देणाऱ्याची वृत्ती तेवढी पारखलेली आहे. जे धन केवळ जन्माने अथवा दत्तकविधानाने पदरात पडले, त्याच्या दानाला तर ही कसोटी अधिकच लागू पडते. ज्या धनात आपला घाम नाही, ते देताना उपकाराची भाषा कशी शोभेल?

शेठ जमनालाल बजाज यांचे चरित्र या दृष्टीने चिंतनीय आहे. १८८९ साली राजस्थानातील एका सामान्य कुटुंबात जन्मलेले हे बालक वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या संपन्न घराण्यात दत्तक आले. वयाच्या सतराव्या वर्षी, दागिने घालण्याच्या वादात आजोबांनी धनावरून बोल लावताच, त्यांनी पत्र लिहून साऱ्या मालमत्तेवरील हक्क सोडला आणि घराबाहेर पाऊल टाकले. पुढे त्यांची समजूत पटली व ते परत आले. परंतु त्यानंतर त्यांनी त्या संपत्तीकडे विश्वस्ताच्या नात्याने पाहिले. महात्माजींच्या कार्याला त्यांनी उदार हस्ताने साह्य केले, हे सर्वश्रुत आहे. तथापि पैसा देण्याहून अवघड असे एक दान त्यांच्या हातून घडले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांच्याच घराण्याने बांधलेले. १९२८ च्या जुलैत, सनातनी मंडळींचा विरोध पत्करून, त्यांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले. पूर्वजांनी मंदिर दिले. नातवाने त्याचा दरवाजा दिला. अन्नछत्राने भूक भागते, पण माणसाचा मान त्याला परत मिळतो तो दरवाजा उघडल्यानेच.

हीच वृत्ती आजच्या काळात दूरदेशीही दिसून येते. ऑस्ट्रियातील मार्लेने एंगेलहोर्न या तरुणीस रसायने व औषधे यांच्या उद्योगात मिळविलेली घराण्याची संपत्ती आजीकडून वारशाने आली. त्यांनी अडीच कोटी युरो समाजास परत देण्याचे ठरविले. पण कोणास द्यावे हे स्वतः ठरविले नाही. २०२४ साली सर्व थरांतील पन्नास नागरिकांची सभा भरली, आणि तिने विचारविनिमय करून ते धन ७७ संस्थांना वाटले. धनाबरोबर निर्णयाचा अधिकारही त्यांनी सोडला. शिवाय, ऑस्ट्रियात २००८ पासून वारसा कर नाही, तो असावा, असा त्यांचा आग्रह आहे. दात्याच्या मर्जीवर न्याय अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार.

कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनी कष्ट करून मिळविले, त्यावर इतरांचा हक्क कसला? वाडवडिलांचे कष्ट वंद्यच आहेत. पण त्या कष्टांशेजारी कुळाचे, हमालाचे, मोलकरणीचेही कष्ट होते. त्यांच्या नातवंडांस मात्र वारशात काही आले नाही. इतरांचा वाटा न देता एकट्याने भोगणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोरच म्हटले आहे.

म्हणून आपल्या कुटुंबांतील ज्या तरुणतरुणींच्या नावे शेतजमीन, वाडा अथवा पेढी झाली असेल, त्यांना आमचे प्रेमाचे सांगणे आहे. दान देण्यापूर्वी अंतर्यामी तीन प्रश्न विचारा. शिलेवर नाव कोरले नाही तरी मी देईन काय? ज्यांच्यासाठी देतो, त्यांना त्यांची गरज मी विचारली काय? आणि माझ्या दानानंतर त्यांना पुन्हा माझ्याच दारी हात पसरावा लागेल, की ते स्वतःच्या पायांवर उभे राहतील? वडीलधाऱ्यांनीही हे प्रश्न ऐकून रागावू नये. घरात असा विचार करणारे मूल निपजणे हे कुळाचे भाग्यच होय.

लक्ष्मी ही नारायणाची. आपण तिचे केवळ राखणदार. ती ज्यांची त्यांना सन्मानाने पोहोचती करण्याची बुद्धी आपणा सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.